वजन आणि नजर

देवळी हे कुस्तीच्या मातीचं गाव. विदर्भ केसरी रामदास तडस इथलेच. तालमीत वजन विचारतात ते गट ठरवायला, त्यात हेटाळणी नसते. तेच वजन लग्नाच्या बोलणीत निघालं की पोरीची किंमत ठरवू लागतं. तरुणांचा आत्मसन्मान काट्यावरच्या आकड्यापेक्षा अशा बोलण्याने जास्त खचतो, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश आढळल्या आणि २३.४ टक्के जादा वजनाच्या. आपल्याकडे बोलणी दोघींनाही बसतात, एक काडीपैलवान तर दुसरी ढोली. अंगाकडे बघायची ही नजर बाहेरून शिकलेली असते. फिजी बेटांवर धष्टपुष्ट अंग ही शोभा मानली जाई. १९९५ मध्ये तिथल्या नद्रोगा भागात टीव्ही पोचला. संशोधक ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. वजन उतरवायला मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के निघाल्या. तीन वर्षांत लोकांची हाडापेराची ठेवण बदलत नाही. पडद्यावरच्या सडपातळ बायका पाहून मुलींना आपलंच अंग नकोसं झालं.

यावर कुणी म्हणेल, लठ्ठपणातून मधुमेह होतो, मग बोलायचंच नाही का? धोका खराच आहे. पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्यालाही जपावं लागतं, ते यासाठी. दुसरा आक्षेप असा, की लागेल असं बोलल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत. अमेरिकेत मिनेसोटात शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. वजनावरून चिडवली गेलेली मुलंच पुढे उपाशी राहणं आणि अधाशासारखं खाणं यांत जास्त अडकलेली दिसली. आपल्या राज्यात तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे; अशा घरातल्या मुलीने टोमण्यापायी रात्रीची भाकर सोडली तर अंगात रक्त कुठून येणार?

म्हणून देवळीतल्या आईबापांना, मावश्या-काकूंना कळकळीची विनंती आहे. काळजी वाटते ना, मग मुलांना दवाखान्यात नेऊन हिमोग्लोबिन तपासा, कंबरेचा घेर मोजून घ्या. पण चारचौघांत त्यांच्या अंगावरून बोलणं आजच थांबवा.