वसंतापूर्वी परसबागेची सिद्धता



माघ शुद्ध पंचमीस वसंताची चाहूल लागते. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याच्या मुलखात, या सावरगावच्या परिसरात, ती प्रथम बागेत जाणवते. ताण दिलेल्या झाडांना पाणी मिळते आणि आंबिया बहराचा सुगंध दरवळू लागतो. या बहरासाठी शेतकरी खत, पाणी व मशागत यांचे काटेकोर नियोजन करतो. घरामागील परसबागेच्या वाट्यास मात्र ही दक्षता क्वचितच येते. हिवाळ्यातील मेथी-कोथिंबीर संपली की वाफे ओस पडतात. आणि उन्हाळ्यात भाजी महाग झाली की गरिबाच्या ताटातून ती नाहीशी होते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाच्या दैनंदिन आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच प्रौढांच्या कुटुंबास हे प्रमाण दररोज २ किलो होते. परसबाग ही सारी गरज भागवील असे नव्हे. परंतु गर्भवती मातेला आणि वाढत्या मुलांना मूठभर ताजी भाजी तिच्यातून निश्चित मिळू शकेल.

उन्हाळ्यात पाणी कोठून आणावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. धान्य व भाजी धुतलेले पाणी १५ लिटरच्या चार बादल्या भरले, तरी ६० लिटर होते. ते थेट वाफ्यास द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीस देऊ नये. खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून ते केळीच्या आळ्यात सोडावे.

पूर्वतयारी मात्र विहिरीत पाणी आहे तोवरच झाली पाहिजे. जुनी पिके उपटून जमीन वीतभर खोदावी व काही दिवस उन्हात तापू द्यावी. नंतर पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणाने हुमणी व वाळवी वाढते. कडाक्याच्या थंडीत भेंडीचे बी नीट उगवत नाही, म्हणून थंडी ओसरताच भेंडी, गवार व चवळी पेरावी. कारले व दोडका यांचे बी रात्रभर भिजवून कुंपणालगत टोकावे. वेलांना तुराट्यांचा मांडव आणि बागेस पऱ्हाटीचे कुंपण पुरेसे होते. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. यास्तव रोपांभोवती तुरीचे कुटार अथवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. पाणी सायंकाळी द्यावे.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात एक वाफा विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावा. तेथे शिकलेले मूल घरी आईवडिलांस शिकवील. अधिकाऱ्यांनी बियाणे वाटावयाचे असल्यास ते पेरणीच्या आधी पोहोचेल, याची काळजी घ्यावी. होळीनंतर मिळालेले बी उन्हात करपते.

संत्र्याचा बहर बाजारात जातो आणि घरात पैसा आणतो. परसबागेचा बहर घरातच राहतो आणि मुलांच्या अंगी लागतो. या वसंतात दोन्ही बहरांची सारखीच काळजी घेतली जावी.