गळ्यात घेतलेलं सांभाळावं



सप्ताहात रात्री दोनचा पहारा घे, असं आम्ही कुणाला बळंच सांगत नाही. नाव ज्याचं त्यानंच द्यायचं. पण एकदा वीणा गळ्यात आली, की पुढचा पहारेकरी येईपर्यंत ती खाली ठेवता येत नाही.

माळेचंही तसंच. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथं थकल्या अंगाला बाटली जवळची वाटते. बघायला ना महाराज, ना गाव. पण पैसा बाटलीत गेला, तर उचल फिटत नाही अन् भोगतात घरची लेकरंबाळं.

माळ घालणं आपल्या मर्जीचं. घातल्यावर सांभाळणं मर्जीवर राहत नाही. कोपीतही ती तितकीच जपू या.

रामकृष्ण हरी!