निळ्या किरणाची तबकडी आणि आपले रेकॉर्डिंग
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही राज्य सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. तरीही ब्ल्यू-रे तबकडीवर बोलायचे आम्ही ठरवले, त्याला एक कारण घडले. २००८ च्या गणेशोत्सवात मंडळाने नाटक बसवले होते. त्यात आमच्या वडिलांची भूमिका होती. त्याची डीव्हीडी आम्ही खिडकीजवळच्या कपाटात ठेवली होती. वडील गेल्यावर मागल्या वर्षी ती लावून पाहिली, तर यंत्राने तबकडी ओळखलीच नाही. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच.

आता मूळ विषय. तबकडीवर माहिती असते ती गोल गोल फिरत जाणाऱ्या एका रेघेवर, बारीक खुणांच्या रूपात. लेझरचा किरण त्यावर पडतो आणि परत आलेल्या उजेडावरून यंत्र खूण वाचते. शेताच्या भाषेत सांगतो. तुरीच्या ओळी लांब लांब असतात, मुगाच्या जवळ जवळ. सीडीच्या दोन ओळींतले अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीचे ०.७४ आणि ब्ल्यू-रेचे ०.३२. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेत मात्र तेवढेच, १२ सेंटिमीटर व्यासाचे. म्हणून सीडीत सुमारे ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी आणि ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात.

पण ओळी जवळ घ्यायच्या तर वाचणारा किरणही तेवढाच बारीक हवा. डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटरचा, ब्ल्यू-रेचा निळा-जांभळा किरण ४०५ नॅनोमीटरचा. हा निळा उजेड मिळवणे फार अवघड होते. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी दाखवला आणि पुढे निळा लेझरही आला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. आज आपल्या मंडपात लागलेले पांढरे एलईडी दिवे त्याच शोधाचे.

फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, फिलिप्स यांच्यासह नऊ कंपन्यांनी ब्ल्यू-रे जाहीर केली. समोर तोशिबाची एचडी डीव्हीडी उभी राहिली. किरण दोन्हींचा निळाच. एचडी डीव्हीडीत एका थरात १५ जीबी मावत, पण ती जुन्या कारखान्यांत थोड्या बदलाने बनवता येई. ब्ल्यू-रेत माहितीवरचे आवरण फक्त ०.१ मिलिमीटरचे. ओरखड्यापासून जपण्यासाठी त्यावर कठीण लेप द्यावा लागला आणि यंत्रेही नवी लागली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर कंपनीने आपले चित्रपट फक्त ब्ल्यू-रेवर काढायचे ठरवले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली.

पण जिंकलेल्याचेही दिवस फार राहिले नाहीत. चित्रपट इंटरनेटवरून घरी येऊ लागले. आपल्याकडे २८ रुपयांत व्हीसीडी विकणारी नोएडाची मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या, घरी लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या बनवणेही बंद केले.

मग आमची डीव्हीडी का गेली? दुकानातल्या चित्रपटाच्या तबकडीत खुणा प्लास्टिकवर ठशाने उमटवलेल्या असतात. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. ऊन आणि उष्णतेने तो रंग बिघडतो. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा आणि खिडकीतले कपाट, आणखी काय हवे? बहुतेक कोऱ्या ब्ल्यू-रेत सेंद्रिय रंग नसतो, म्हणून त्या अधिक टिकाऊ. पण वाचणारे यंत्रच घरात नसेल तर त्या टिकाऊपणाचा उपयोग काय?

बिदरला महमूद गावानचा मदरसा आपण सर्वांनी पाहिला आहे. १४७२ च्या सुमाराचा. तिथे मोठे ग्रंथालय होते. पुढे दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग पडला. एकाच जागी ठेवलेले असे एका दिवसात जाते. आपल्या पूर्वजांच्या पोथ्या राहिल्या त्या पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बसून नकला केल्या म्हणून. तबकडीचेही तसेच आहे.

म्हणून विनंती. घरात मंडळाच्या कार्यक्रमांच्या, लग्न-मुंजीच्या, आजी-आजोबांच्या आवाजाच्या सीडी-डीव्हीडी असतील, तर अनंत चतुर्दशीपर्यंत आणून द्या. डीव्हीडी ड्राइव्ह आम्ही आणला आहे. जे वाचता येईल त्याच्या तीन प्रती करू. एक तुमच्या घरी, एक मंडळात आणि एक परगावच्या नातेवाइकांकडे. दर पाच वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवून घेऊ. तबकडी उन्हापासून लांब, डबीत उभी ठेवा. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका.

वडिलांचे नाटक आम्हाला अजून मिळालेले नाही. त्या वर्षी डीव्हीडीच्या प्रती काही घरांत वाटल्या होत्या. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत एखादी असेल, तर जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!