शरण जाणे म्हणजे काय?

श्रोतेहो, पीक बुडाले की आपण "देवाची इच्छा!" म्हणतो आणि हात जोडून बसतो. यालाच शरणागती म्हणायचे का? गीतेलाच विचारू या.

२ऱ्या अध्यायाच्या ७ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, मी तुला शरण आलो आहे, मला शिकव. आणि ९ व्या श्लोकात तोच, लढणार नाही म्हणून गप्प बसतो! तोंडाने शरण, पण निर्णय आपलाच राखून ठेवलेला.

१८ व्या अध्यायात कृष्ण सारे सांगून झाल्यावर म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. हा ६३ वा श्लोक. 'मला एकट्याला शरण ये' हे येते ६६ व्यात. आधी विचार, मग शरण. हा क्रम ध्यानात घ्या. बुद्धी गहाण टाकायला गीता सांगत नाही.

मग टाकायचे काय? 'करणारा मीच' हा अहंकार. आत्मा तर टाकता येतच नाही. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत ज्ञानदेव समजावतात : लाट पाण्याला शरण जाते, तसे शरण ये. लाट पाण्याहून निराळी होती कधी?

शेवटी अर्जुन बसून राहत नाही. उठून आपल्या कामाला लागतो. तेव्हा फुटलेला बांध आपणच घालायचा, बी पुन्हा पेरायचे. पाऊस आपल्या हातचा नाही, एवढे मात्र मनोमन ओळखायचे. शिक्षकबंधूंनी हे श्लोक मुलांपुढे शेजारी शेजारी मांडावेत; फरक मुलेच सांगतील.