कोठीची वही आणि घरची वही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



 आम्हाला कीर्तन येत नाही. आमच्या घराकडं तीन पिढ्यांपासून दिंडीची कोठी आहे. पीठ मोजायचं, डाळ मोजायची, वहीत लिहायचं, एवढंच येतं. म्हणून आज बोलणार तेही मोजमापाचंच.

आपला हिंगोली जिल्हा नामदेवरायांच्या नरसीचा. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. शिंपी आधी माप घेतो, मग कात्री लावतो. संसारात आपण बऱ्याचदा उलटं करतो. आधी कात्री लावतो आणि मग माप शोधत बसतो.

दिंडीत तसं चालत नाही. भिशी जमली तेवढ्यातच पंढरी गाठायची. वाटेत कुणी अन्नदान केलं, तर त्या दिवशीचा वाचलेला शिधा पुढच्या मुक्कामाला कामी येतो. पानात टाकायचं नाही. बारस सोडली की सगळ्यांसमोर हिशोब वाचायचा. पै इकडची तिकडं झालेली चालत नाही.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

थोरल्या लेकीचं लग्न होतं. हळदीची पट्टी हातात आली होती. नऊ महिने राबून आलेला पैसा, शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकलेली हळद. सोयरे म्हणाले, पाच गावं जेवली पाहिजेत. आम्ही हो म्हणालो. मांडव झाला, बँड झाला, आहेर झाले. मृग आला तेव्हा बियाण्याला घरात पैसा नव्हता. पन्नास हजार उचलले, तीन रुपये शेकड्यानं. म्हणजे महिन्याला 1,500 नुसतं व्याज. त्या साली सोयाबीन काढणीच्या पावसात भिजलं. दुसऱ्या साली पावसानं मधेच ओढ दिली. दोन वर्षांत व्याजच 36,000 झालं आणि मुद्दल होतं तिथंच. शेवटी घरच्या माउलीच्या पाटल्या मोडल्या.

सोनाराकडून परत येताना ती एकच बोलली, "दिंडीची वही तुम्ही पै-पैची लिहिता. घरची वही कुठाय?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. घरचा हिशोब आमच्या डोक्यात होता, आणि डोक्यातला हिशोब आपल्याला पाहिजे तसाच लागतो.

माउली, आपल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन, संक्रांतीच्या पुढं तूर, उन्हाळ्यात हळद. खर्च मात्र रोजचा. आणि उन्हाळ्यातच लग्नसराई. पेरणीचा पैसा मांडवातून निघून जातो तो असा. म्हणून तेव्हापासून आम्ही पट्टी आली की त्याच दिवशी वाटे पाडतो. पहिला वाटा बी-खताचा. दुसरा पीककर्जाचा, कारण मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत मिळते. तिसरा घरखर्चाचा, महिन्यांनी भागून. लग्नकार्य, सणवार उरलेल्यातून. उरलं नाही तर कार्य लहान करायचं. ऋण काढून सण करू नये, ही म्हण म्हाताऱ्यांनी उगी केलेली नाही.

बारीकसारीक गोष्टीही वहीत लिहिल्यावरच दिसल्या. आमचा धाकटा तंबाखूच्या तीन पुड्या रोज खायचा, दहा रुपयाला एक. वर्षाचे 10,950 झाले. वहीतला आकडा बघून तो स्वतःच गप्प झाला. सोयाबीनचं बी घरचं ठेवायला लागलो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीनं गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याभरात कोंब मोजावेत. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. बॅगेचा पैसा वाचतो. घरची माउली बचत गटात गेली. तिथलं व्याज गटातच राहतं, सावकाराच्या घरी जात नाही. आणि सावकाराकडं जायचीच वेळ आली, तर त्याच्याकडं परवाना आहे का ते आधी बघा. 2014 च्या कायद्यानं परवाना लागतो, आणि बेकायदा सावकारानं जमीन लाटली तर जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते.

पण एक ध्यानात ठेवा. काटकसर म्हणजे चिंगूसपणा नव्हे. दारी आलेल्याची भाकरी, लेकराची शाळा आणि आजाऱ्याचं औषध, या तिन्हीत हात आखडू नका. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात हेच सांगत फिरले. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, पण पोरांना शिकवा. स्वतःजवळ त्यांनी खराटा आणि गाडगं ठेवलं आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या गरजा कमी ठेवल्या म्हणून दुसऱ्याला द्यायला उरलं. तुकोबांच्या घरी तर सावकारीच होती. दुष्काळ पाहिल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कर्जानं माणूस कसा पिचतो हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

धाकट्या लेकीचं लग्न आम्ही देवळापुढच्या पारावर केलं. वरण, भात, बुंदी. दोन-चार सोयरे रुसले. वर्षाभरात तेच आमच्या घरी येऊन विचारायला लागले, वही कशी लिहायची?

पंधरा-वीस दिवस आपण एका पिशवीत संसार घेऊन चालतो आणि त्यात काही कमी पडत नाही. घरी आलो की मात्र शेजाऱ्याच्या मांडवाकडं बघून आपला मांडव मोठा करतो. वारीत जे जमतं ते घरी का जमू नये?

शताब्दीच्या निमित्तानं एवढंच मागणं. प्रत्येक घरात एक वही असू द्या. लिहील कुणी बी, पण दर एकादशीला ती घरातल्या सगळ्यांसमोर वाचा, बायामाणसांसमोर आणि पोरांसमोरही. उपवासाच्या दिवशी खोटं लिहायला हात धजत नाही, असा आमचा अनुभव आहे.