यंत्रातला तंबोरा

मिरजेच्या कारागिराने घडविलेला तंबोरा हाती घेऊन तो सुरात लावणे, हा गायनविद्येचा पहिला पाठ. परंतु भोपळ्याचे हे नाजूक वाद्य प्रवासात, अपुऱ्या खोलीत आणि पावसाळी हवेत सांभाळणे कठीण. बंगळूरचे जी. राज नारायण अभियंता आणि बासरीवादकही. त्यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी सिद्ध केली. पुढे त्यांच्या ‘राडेल’ या संस्थेचे तंबोऱ्याचे यंत्र अनेक गायकांच्या घरी पोहोचले. आता तोच तंबोरा सॉफ्टवेअरच्या रूपाने फोनमध्ये शिरला आहे.

मग विद्यार्थ्याने यंत्र घ्यावे की सॉफ्टवेअर? सॉफ्टवेअरची बाजू दुबळी नाही. ते स्वस्त असते, खिशात मावते, आणि खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित नादही देऊ शकते. मात्र फोनचा चिमुकला कर्णा खर्जाला पुरत नाही. आणि रियाज रंगात आला असता नेमकी कोणाची तरी हाक येते. यंत्राला एकच काम ठाऊक असते. ऐपत असेल त्याने यंत्रच घ्यावे; नसेल त्याने फोनमुळे रियाज अडवू नये.

तथापि एक उणीव दोहोंत समान आहे. दोन्ही साधने स्वर आयता देतात. जोडाच्या तारा एकजीव करताना, घोडीवरचा जवारीचा दोरा सरकवताना कान जे शिकतो, ते कळ दाबून शिकता येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शिष्याने गुरूंचा तंबोरा स्वतः लावावा. मग वीज गेली तरी षड्ज जाणार नाही.