फायलीवरचा एकच आकडा

अभियंत्यांच्या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. अहवाल सर्वांच्या हाती आहे, तो तिथेच वाचावा. प्रस्तुत वक्त्याच्या मनात एक गोष्ट बरीच वर्षे साचली आहे, ती आज बोलायची आहे.

मोठ्या प्रकल्पाच्या मान्यतेसाठी फायलीवर एकच आकडा जातो. गोसीखुर्द धरणाचा मूळ आकडा ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. मुंबई मेट्रो-३ ला मान्यता मिळाली २३,१३६ कोटींना, आणि सुधारित खर्च झाला ३७,२७६ कोटी. यात महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, कामाची वाढलेली व्याप्तीही आहे. पण यातले कोणते संकट मान्यतेच्या दिवशी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हते? तरीही आकस्मिक खर्चाची ठरावीक टक्केवारी लावून अंदाजपत्रक पुढे सरकते आणि मग सुप्रमांची, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतांची, रांग लागते.

संख्यात्मक जोखीम विश्लेषण याच जागी उपयोगी पडते. प्रत्येक जोखमीची शक्यता आणि तिचा कमी-जास्त खर्च मांडला की मॉन्टे कार्लो पद्धतीने संगणक तोच प्रकल्प हजारो वेळा कागदावर बांधून पाहतो. हाती एक आकडा न येता पल्ला येतो: अमुक रकमेत काम होण्याची शक्यता पन्नास टक्के, तमुक रकमेत ऐंशी.

सॉफ्टवेअर खरे की अनुभव, असा वाद सकाळच्या सत्रात रंगला. एका बोगद्याच्या कामावर प्रस्तुत वक्त्याला त्याचे उत्तर मिळाले आहे. जोखीम नोंदवहीची बैठक होती. तरुण भूवैज्ञानिकाने कोअर बॉक्समधला तुकडा उचलला आणि दोन बोटांत चुरडून दाखवला. पाणी लागण्याची शक्यता त्याने चाळीस टक्के लिहिली. बेरीज मंजूर रकमेबाहेर जाऊ लागली, तेव्हा एका वरिष्ठाने पेन्सिलीने चाळीस खोडून दहा केले. संगणकाने मग दहाचेच चोख गणित केले. पुढे पाणी लागले, पुरेसे पंप नव्हते, काम थांबले. कागदावर शेरा पडला: ‘अनपेक्षित भूस्तर’. अनपेक्षित कसला? एकाने लिहिला होता, दुसऱ्याने खोडला होता!

आणि हे सारे घडले ते कोकण रेल्वेला गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने जेरीस आणल्यानंतर.

एडिनबरोच्या ट्रामकडे बोट दाखवून काही सहकारी शक्यता टक्क्यांत मांडण्याची ही सारी पद्धतच फोल ठरवतात. तिथे २००४ मध्ये, प्रकल्पखर्चाचे अभ्यासक बेंट फ्लूव्हबियर यांच्या पद्धतीप्रमाणे, आधी बांधून झालेल्या तशाच प्रकल्पांशी अंदाज ताडून पाहिला गेला. प्रवर्तकांचा आकडा होता ३२ कोटी पौंडांचा. ऐंशी टक्के खात्रीसाठी ४० कोटी लागतील असे निघाले. प्रत्यक्षात लागले ७७ कोटींहून अधिक, तेही मार्ग तोकडा करून. रस्त्याखालच्या वाहिन्या हलवणे अंदाजापलीकडे गेले, कंत्राटदाराशी भांडण जुंपले. म्हणजे ऐंशी टक्क्यांचा आकडासुद्धा आशावादी होता. इशारा कमी पडला म्हणून इशाराच नको, हा कुठला न्याय? मुंबई-पुण्यात रस्ता खणणाऱ्याला खाली काय निघेल याची धास्ती एडिनबरोहून कमी नाही.

मागणी साधी आहे. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर पन्नास आणि ऐंशी टक्क्यांचे दोन्ही आकडे असावेत. कुणी शक्यतेचा आकडा बदलला, तर त्याने कारण लिहून खाली सही करावी.

फ्लूव्हबियर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २५८ प्रकल्प तपासले, तेव्हा दहातले नऊ अंदाजाबाहेर गेलेले आढळले. तशी नोंद आपल्याकडे, आपल्या मातीतल्या कामांची, व्हायला हवी. माहिती कोण देणार, निधी कुठून येणार, हे कार्यकारिणीने ठरवावे. पण पुढच्या अधिवेशनात निदान काही पूर्ण झालेल्या कामांचे मूळ अंदाज आणि अंतिम देयके एका तक्त्यात शेजारी शेजारी दिसावीत.